घर बांधताना राहणाऱ्यांचा सहभाग खरंच असतो, की नुसत्या सह्या घेतात?

बहुतेक ठिकाणी सह्याच घेतात. पण पुण्यातल्या येरवड्याचं उदाहरण जरूर बघा. जेएनएनयूआरएम या केंद्र सरकारच्या शहरविकास मोहिमेतल्या शहरी गरिबांच्या घरकुल योजनेत तिथल्या काही वस्त्या जागच्या जागी सुधारल्या. पक्की घरं तशीच ठेवली, फक्त कच्ची पाडून २७० चौरस फुटांची नवी बांधली. खर्चातला १०% वाटा कुटुंबाचा. शेजार मोडला नाही, रोजगार लांब गेला नाही. माझ्या मते हेच त्यातलं सर्वांत मोलाचं.

महिला मिलन (गरीब वस्त्यांतल्या बायकांची बचत संघटना), स्पार्क ही स्वयंसेवी संस्था आणि वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांनी घराघराशी बोलून आराखडे ठरवले. ज्यांची जागा २७० चौरस फुटांपेक्षा लहान, अशा शेजाऱ्यांना एकत्र आणून एकच इमारत उभी केली. हे मंत्रालयात बसून ठरत नाही.

महिला मिलनची मुळं भायखळ्याच्या फुटपाथवरची, १९८६ची. त्या बायका लाकडी चौकटीला कापड लावून खऱ्या मापाचं घर उभं करायच्या. आत शिरलं की लगेच कळतं: इथे ओटा आला तर झोपायचं कुठे, दार उघडलं की मोरी अडते का. कागदावरचा नकाशा सगळ्यांना वाचता येत नाही, कापडाच्या घरात मात्र आजीसुद्धा ठामपणे मत देते.

तुमच्याकडे पुनर्विकास चालू असेल तर निदान गच्चीवर खडूने पूर्ण मापाची खोली आखून मागा. वृद्धांना आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांना आधी आत जाऊ द्या, सही नंतर.