सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन कॅरॅव्हॅनने कोकणकिनारा करावा का?

तुम्ही विचारलंय की आईला घेऊन कॅरॅव्हॅनने, म्हणजे आतच झोपायची-राहायची सोय असलेल्या गाडीने, कोकणात जावं का, मार्ग कुठला धरावा, आणि तिची लहानपणीची गावं नीट बघून होतील का. गेल्या जानेवारीत माझी आई (वय 76), धाकटी बहीण आणि मी असे तिघं पुण्याहून हेच करून आलो, आठ रात्री. जरूर जा. फक्त गावं कमी धरा आणि वेळापत्रक समुद्राचं पाळा.

आधी गाडीबद्दल. मागे जोडून ओढायची कॅरॅव्हॅन कोकणातल्या वळणांवर नकोच. टेंपो ट्रॅव्हलरवर बांधलेली, चालकासकट भाड्याने मिळणारी घ्या. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आहे, पण गाडी लावायला खास जागा गावोगाव मिळेल असं धरून निघू नका. आम्ही रोज कुणाच्या तरी अंगणातच राहिलो. घरगुती खाणावळवाल्यांना दुपारीच फोन करायचा, रात्रीचं जेवण त्यांच्याकडे सांगायचं, गाडी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, लावायची आणि विजेचे पैसे वेगळे द्यायचे. एकाही घरी नकार मिळाला नाही. आईसाठी गाडीतला संडास हा सगळ्यात मोठा आधार होता. गुडघेदुखीच्या माणसाला प्रवासात कसली धास्ती असते ते तुम्हाला सांगायला नको.

मार्ग आमचा असा: ताम्हिणीतून माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. मग बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोट, पुढे केळशी, आंजर्लं, हर्णै, दापोली. दाभोळहून धोपाव्याला दुसरी फेरीबोट आणि गुहागर. शेवटी हेदवी, तवसाळहून जयगडला तिसरी फेरीबोट, मालगुंड, आणि आंबा घाटाने परत. फेरी चुकवून चिपळूणवरून वळसा घातलात तर दापोली ते गुहागर शंभराहून जास्त किलोमीटर पडतात. पण फेरी घ्यायचं कारण अंतर वाचवणं एवढंच नाही. आईच्या आठवणीतलं कोकण खाडी ओलांडूनच सुरू होतं. तुमच्या आईचंही बहुतेक तसंच असेल.

दाभोळच्या धक्क्यावर आम्ही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पोचलो. पूर्ण ओहोटी. फेरीबोटीची फळी इतकी खाली उतरलेली की गाडीचं नाक चढलं असतं, पण मागचा लांब भाग धक्क्याला घासला असता. फेरीवरचा माणूस खाली आला, वाकून गाडीच्या पोटाखाली बघितलं आणि म्हणाला, "वाईच थांबा. पाणी चढू दे." दहा वाजेपर्यंत थांबलो. तेव्हापासून मी एक हिशोब पाठ केला, तुम्हीही करा. किनाऱ्यावरची माणसं तो तोंडीच करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. भरतीनंतर सहाएक तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. लांब गाडी घेऊन त्या दिवसांत ओहोटीला धक्क्यावर जाऊ नका.

ते अडीच तास मात्र मला सगळ्या सहलीत मोलाचे वाटतात. धक्क्याजवळ आदिलशाहीच्या काळातली जुनी दगडी मशीद आहे. तिच्या बाजूला आई खुर्ची टाकून बसली आणि खाडीच्या तोंडाकडे बोट दाखवून सांगायला लागली. मुंबईची बोट तिथे बाहेर उभी राहायची. माझे आजोबा मुंबईला नोकरीला, शिमग्याला आणि मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने यायचे. बोट धक्क्याला लागत नसे. पडाव, म्हणजे माणसं-सामान वाहणारी मोठी होडी, जायचा, माणसं आणि ट्रंका पडावात उतरवून घ्यायचा, आणि लाटेवर पडाव वर आला की खलाशी बायकांना हात धरून झटक्यात खाली घ्यायचे. आई सहा-सात वर्षांची असताना तिच्या आजोबांबरोबर धोपाव्याकडून होडीने वडिलांना आणायला आली होती. "पडावात मला आबांचा नुसता पांढरा रुमाल दिसत होता," म्हणाली. हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. घरी सोफ्यावर बसून हे कधी निघालं नसतं.

आता गुहागर, माझ्या आईचं माहेर, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. तुम्ही लिहिलंय की आईचं माहेरचं घर आता राहिलेलं नाही. आमचंही नाही. मामांनी ते विकलं, वाटण्या झाल्या, आणि त्यानंतर आई गावात कधी मुक्कामाला राहिली नव्हती. नातेवाइकांकडे राहायचं तर त्यांच्यावर भार, आणि लॉजचं नाव काढलं की म्हणायची, "माझ्याच गावात मी लॉजवर राहू?" दिवसा जाऊन व्याडेश्वराचं दर्शन घ्यायचं आणि संध्याकाळी चिपळूण गाठायचं, असंच इतकी वर्षं चाललं. कॅरॅव्हॅनने हाच पेच सोडवला. कुणाकडे पाहुणे न होता गावात तीन रात्री झोपता आलं.

खालच्या पाटातली, म्हणजे गुहागरच्या त्या भागातली, जुन्या घराकडे जाणारी गल्ली दोन्ही बाजूंच्या चिऱ्याच्या गडग्यांमुळे (दगडी कुंपणांमुळे) इतकी अरुंद की गाडी आत शिरेना. चालक उतरून माडाच्या झावळ्या आणि वायरी बघत होता, तेवढ्यात शेजारच्या वाडीतल्या वैनी बाहेर आल्या. आईने माहेरचं आडनाव सांगितलं. त्यांनी दोन क्षण बघितलं आणि म्हणाल्या, "माहेरवाशीण रस्त्यावर झोपते काय? फिरवा ती गाडी, आमच्या खळ्यात घ्या." विजेचे पैसे त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत.

आमच्या जुन्या घराचं आता पर्यटकांसाठी निवासस्थान झालंय. ओटीवर टाइल्स, पडवीच्या खोल्या केलेल्या. नवे मालक भले, त्यांनी आत बोलावलं, पण आईला घर बघायचं नव्हतं. ती सरळ मागे विहिरीवर गेली. रहाट गेला, पंप आला, पण पंपाशेजारी दगडी डोण, पाणी साठवायची कुंडी, जागच्या जागी होती. तिच्यात कुणीतरी अळू लावलंय. आईने डोणीच्या काठावर हात ठेवला आणि मालकांना एवढंच विचारलं, "पाणी अजून गोडं आहे?" समुद्र वाडीच्या टोकाला, म्हणून हा प्रश्न. त्यांनी तांब्या भरून दिला. मग बहिणीने गाडीतला पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन आणला आणि तो त्या विहिरीवर भरून घेतला. उकळून घेत पुढचे तीन दिवस आम्ही तेच पाणी वापरलं.

सगळंच जसंच्या तसं मिळेल असं आईला आधी सांगू नका. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत पोफळी-माडांच्या वाड्या आडव्या केल्या. केळशीला आईला तिच्या मावशीची वाडी ओळखताच आली नाही. जिथे दुपारीही अंधार असायचा तिथे लख्ख ऊन. नवी रोपं लावलीत, पण पोफळ उत्पन्नावर यायला वर्षं लागतात. त्या दिवशी ती फार बोलली नाही. आम्ही पुढची ठरवलेली दोन ठिकाणं सोडून दिली आणि संध्याकाळ हर्णैला सुवर्णदुर्गासमोर नुसते बसून काढली. गावं कमी धरा म्हणतो ते यासाठी. असा दिवस आला तर हातात मोकळा वेळ हवा.

बारीकसारीक: वाळूवर गाडी उतरवू नका, ट्रॅक्टर शोधत बसावं लागेल. संडासाची टाकी घरमालकाला विचारून त्याच्याच संडासात रिकामी करा, उघड्यावर अजिबात नको. जनरेटर रात्री बंद ठेवा, गाव नऊला झोपतं. गॅस, टॉर्च आणि आईची औषधं दाराजवळच्या कप्प्यात ठेवा. उन्हाळ्यात जाऊ नका, पत्र्याची गाडी दुपारी तापते आणि एसी चालवायला दर ठिकाणी विजेचा पुरेसा दाब मिळत नाही.

हेदवीला आम्ही संकष्टीला होतो. पाऊणपटीच्या हिशोबाने तीनला बामणघळीवर, किनाऱ्याच्या खडकातल्या अरुंद कपारीवर, गेलो आणि भरतीचं पाणी कपारीतून उंच उसळताना मिळालं. आईचा उपास होता, त्यामुळे दशभुज गणपतीचं दर्शन करून तिथेच मुक्काम केला. चंद्र डोंगरामागून वर यायला रात्रीचे नऊ वाजून गेले. आईने गाडीच्या दारात पाटावर बसून विहिरीच्या पाण्याने अर्घ्य दिलं, मग वरणभात खाल्ला. कॅनमध्ये तांब्याभर पाणी उरलं होतं, ते तिने बहिणीला ओतू दिलं नाही.

तुमची तारीख ठरली की तिथीसकट इथे कळवा, कुठली फेरी कुठल्या वेळेला गाठायची ते मी मांडून देतो.