आधी कोयता खाली ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि सहा फोटो मिळाले. घराजवळच्या बॅप्टिस्ट चर्चमागे एका घराण्याची जुनी दफनभूमी सापडली, रान माजलंय, शनिवारी कोयता, तारेचा ब्रश आणि ब्लीचची बाटली घेऊन सगळं लख्ख करून टाकतो, असं लिहिलंयस. वाचून बरं वाटलं. पण या तिन्ही गोष्टी घरीच राहू देत.

मी हे सांगते ते अक्कलखाती जमा झालेल्या अनुभवावरून. नॉर्थ कॅरोलिनात येऊन मला दोन-तीनच वर्षं झाली होती. अशाच एका चर्चमागे परवानगी काढून साफसफाईला गेले. कोरलेले दगड सात. बाकी जमिनीतून वीतभर डोकं काढलेले अनघड धोंडे होते, गवत कापताना सारखे आड येत होते. मी ते उपटले आणि एका झाडाच्या बुंध्याशी छान रचून ठेवले. अंगण झाडून घेतल्यावर वाटतं तसं समाधान वाटलं. दुपारी चर्चमधल्या एक आजी थंड चहा घेऊन आल्या. त्या ढिगाकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "कुठला कुठे होता, आठवतंय का तुला?"

मला नव्हतं आठवत. ज्यांना कोरीव दगड परवडत नव्हता त्यांच्या उशाला एक आणि पायथ्याला एक असे रानातलेच धोंडे रोवलेले होते. मी ढीग मोजला. अडतीस. त्यापलीकडे मला काही करता आलं नाही.

म्हणून पहिल्या फेरीत हात खिशात ठेवायचे आणि नुसतं बघायचं. त्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीसारखे दिवस नाहीत. पानगळ झालेली असते, साप झोपलेले असतात आणि सगळं रान तपकिरी असताना जमिनीवर मधेच एक हिरवागार गालिचा दिसतो. ती व्हिंका, आपल्या सदाफुलीची नातेवाईक. ही वेल इथली नव्हे, युरोपातून आलेली. कबरींवर मुद्दाम लावायचे, कारण बारा महिने हिरवी राहते आणि कुणी बघायला नसलं तरी पसरते. घर पडतं, कुंपण कुजतं, ही राहते. तिच्या जोडीला जुने रेड सीडर, टोकदार पानांची युका किंवा रानात ओळीनं उगवलेले डॅफोडिल दिसले, तर कुणीतरी ते हातानं लावलेत असं समज. तू ज्याला 'माजलेलं रान' म्हणतोस त्यातला निम्मा भाग असा लावलेला असू शकतो. कोयत्याला तो फरक कळत नाही.

मग ऊन तिरपं असताना, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, जमिनीकडे बघ. माणसाच्या लांबीचे उथळ खळगे दिसतील. आतली लाकडी पेटी कुजली की वरची माती बसते, त्याचे हे खळगे. ते बहुतेक पूर्व-पश्चिम असतात, डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवशी उठून बसल्यावर तोंड उगवतीकडे व्हावं. उन्मळलेल्या झाडांचे खड्डे सहसा असे पूर्व-पश्चिम, एका ओळीत नसतात. कुणी म्हातारबुवा वाकवलेल्या दोन तारा हातात धरून 'इथे कबर आहे' सांगायला आले तर ऐकून घे, हसू नकोस, पण वहीत लिहू नकोस. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही.

आता तुझा तिसरा फोटो, लोखंडी कुंपणाचा. कुंपणाच्या आतलं सगळे बघतात. तू बाहेरची बाजूही चाल, विशेषतः उताराकडची. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अशा जागी घराण्याची माणसं कुंपणात आणि त्यांनी गुलाम म्हणून बाळगलेली माणसं बाहेर, असं पुष्कळदा असतं. त्यांच्यासाठी बहुधा धोंडेच, तेही असले तर. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत. त्यांत मालकाचं नाव आहे. गुलामांचं फक्त वय, लिंग आणि कातडीचा रंग. या माणसांची नावं जनगणनेत सरसकट दिसतात ती 1870 पासून. त्याआधी गेलेल्याची खूण म्हणून पुष्कळदा तेवढा एक धोंडाच उरलेला असतो. चर्चचा इतिहासही यापासून सुटा नाही: गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही, या वादातून 1845 साली दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांनी आपली वेगळी चूल मांडली.

कोरलेले दगड वाचायला थोडी सवय लागते. बाईच्या नावापुढे 'कॉन्सॉर्ट' असेल तर ती अहेवपणी गेली, 'रेलिक्ट' असेल तर नवऱ्यामागे राहिली. पुष्कळदा जन्मतारीख नसते, वय असतं: इतकी वर्षं, इतके महिने, इतके दिवस. वजाबाकी करून जन्म काढायचा. तुझ्या पाचव्या फोटोत दगडावर जो वाटोळा गोळा दिसतोय ना, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा, तो कोकरू असावा. कोकरू म्हणजे लहान मूल. संगमरवर पावसानं असा विरघळत जातो. बोट फिरवलंस तर साखरेसारखे दाणे हाताला लागतील. म्हणून बोटही फिरवू नकोस.

आणि म्हणूनच तारेचा ब्रश नको, ब्लीच तर नकोच. ब्लीचमधले क्षार दगडात मुरतात आणि आतून त्याला फोडतात. दगड घट्ट असेल तरच साधं पाणी भरपूर मारून, मऊ ब्रशनं, खालून वर जात धुवायचा. गोठणाऱ्या थंडीत तेही नाही. अक्षरं दिसत नसतील तर खडू किंवा पीठ चोळू नकोस. एक मोठा आरसा घे आणि उन्हाचा कवडसा दगडावर बाजूनं, अगदी तिरपा पाड. सपाट वाटणाऱ्या दगडातून नाव वर येतं. मला दर वेळी अंगावर काटा येतो.

पण या सगळ्याआधी परवानगी. जागा चर्चची की शेजारच्या शेतमालकाची, ते काउंटीच्या जमीन-नोंदणी कार्यालयात कळेल. या राज्यात वंशजालासुद्धा खाजगी जमिनीतल्या कबरीवर जायला मालकाची संमती लागते. नाही मिळाली तर कोर्टाच्या क्लार्ककडे अर्ज करता येतो. तू तर वंशजही नाहीस. रविवारी उपासनेनंतर जा, स्वयंपाकघरात आवराआवर करणाऱ्या बायकांशी बोल. कुठली कबर कुणाची, हे पाद्र्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. बोलणं कुठून सुरू करू, असं वाटत असेल तर विल्यम केरीचं नाव काढ. हा इंग्लंडचा बॅप्टिस्ट मिशनरी बंगालमधल्या श्रीरामपूरला (आपल्या नगरकडच्या नव्हे) बसून मराठी व्याकरण छापत होता, 1805 मध्ये. 1810 ला कोशही काढला. केरी त्यांना माहीत असतो, त्याचं मराठी माहीत नसतं. माझी निम्मी ओळख त्यावर झाली. जेवायला बसवतील. तू शाकाहारी आहेस म्हणून आधीच सांगते, फरसबीतसुद्धा डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवतात. बनाना पुडिंग मात्र खा.

पूर्ण बाह्या, उंच बूट, आणि शिकारीच्या मोसमात भडक केशरी जाकीट. झाडावर चढलेल्या केसाळ वेलीला हात लावू नकोस. पानं नसली तरी ती बहुधा पॉयझन आयव्ही, अंगावर खाजरं पुरळ उठवणारी वेल, असते. घरी आल्यावर गोचीड बघ, गुडघ्यामागे आणि कमरेला.

परवानगी मिळाली की कळव, मी येते. येताना वही, पेन्सिल, आरसा आणि मोजायची टेप आण. तुझ्या शेवटच्या फोटोत कुंपणाबाहेर, डाव्या कोपऱ्यात, व्हिंकामध्ये दोन पांढरे धोंडे दिसतायत. मोठ्या माणसाच्या उशापायथ्यात पाच-सहा फूट असतात. मला फोटोवरून हे अंतर तीन फुटांपेक्षा कमी वाटतंय. आधी तिथे जाऊ.