रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पोलादी पाईपांचा सांगाडा) बसवलेली कार रोज ऑफिसला नेली तर चालेल का?

नाही, पूर्ण केज असलेली कार हेल्मेटशिवाय रोज चालवू नका. ट्रॅकवर जीव वाचवणारा पाईपच रस्त्यावर डोकं फोडू शकतो. रेसमध्ये बकेट सीट आणि हार्नेस तुम्हाला जखडून ठेवतात. कंपनीच्या साध्या बेल्टमध्ये मात्र बाजूने धडक बसली की डोकं सहज वीतभर झुकतं, आणि दारावरचा पाईप कानापासून जेमतेम तेवढाच लांब असतो. काळा फोम गुंडाळलाय म्हणून निर्धास्त राहू नका. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमांतलं (अपेंडिक्स जे, कलम 253) पॅडिंग (मानक 8857-2001) हेल्मेट आपटेल असं धरूनच बनवलेलं, चांगलं कडक असतं. एसीच्या पाईपवरचा मऊ फोम म्हणजे नुसता देखावा. त्याच कलमात मुख्य हूपला (सीटमागची मोठी कमान) 45 × 2.5 किंवा 50 × 2 मिमीचा (व्यास × जाडी) सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा पाईप सांगितलाय. फॅब्रिकेटरने गेट-ग्रिलचा ईआरडब्ल्यू (वेल्डिंगने जोडलेला) पाईप वाकवून दिला असेल, तर ती गाडी ट्रॅकवरही नको.

पुढच्या सीटमागे फक्त अर्धा केज असेल आणि मागे कोणालाच बसवणार नसाल, तर धोका बराच कमी. गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मात्र तेव्हाही आडवं येऊ शकतं, आधी आरटीओत विचारा.