कळा सुरू असताना आतली तपासणी चार तासांनी होणे, हे दुर्लक्ष आहे का?

आपण लिहिले आहे की, वहिनींना कळा सुरू झाल्यावर रुग्णालयात नेले तेव्हा सिस्टर दर अर्ध्या तासाने येऊन पोटावर हात ठेवत आणि बाळाचे ठोके मोजत. मात्र गर्भाशयाचे तोंड किती उघडले हे पाहणारी आतली तपासणी त्यांनी चार तासांनीच केली. मी प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून काम करते. आपल्या वर्णनावरून मला यात दुर्लक्ष दिसत नाही.

आतली तपासणी आवश्यक आहेच, पण हात जितक्या वेळा आत जातो तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, विशेषतः पाणमोट फुटलेली असेल तेव्हा. शिवाय त्या बाईला होणारा त्रास वेगळाच. म्हणून सारे सुरळीत असेल तर ती साधारण चार तासांनी करतात. जोर द्यावासा वाटू लागला किंवा ठोक्यांत बदल जाणवला, तर मात्र तेवढी वाट पाहत नाहीत.

खरी माहिती बऱ्याच अंशी पोटावरच्या त्या हातातून मिळते. परिचारिका तळवा गर्भाशयाच्या वरच्या भागावर ठेवून, घड्याळाकडे पाहत, पूर्ण दहा मिनिटे थांबते आणि तेवढ्या वेळात किती कळा आल्या, प्रत्येक कळ किती सेकंद टिकली आणि दोन कळांच्या मध्ये पोट पूर्ण सैल पडते की नाही, हे पाहते. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण कळ येते तेव्हा वारेकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो आणि बाळाला प्राणवायूची भरपाई मधल्या विश्रांतीतच मिळते. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येत असतील तर ती विश्रांती अपुरी पडते. अशा वेळी कळा वाढवण्यासाठी सलाईनमधून औषध चालू असेल तर ते कमी करावे किंवा थांबवावे लागते.

बाळाचे ठोके कळ ओसरताच पूर्ण एक मिनिट ऐकतात आणि त्याच वेळी आईची नाडीही हाताशी धरतात, म्हणजे आईचेच ठोके बाळाचे समजण्याची चूक होत नाही. मिनिटाला 110 ते 160 ठोके सामान्य मानतात. कळ गेल्यावरही ठोके मंदच राहिले तर आईला डाव्या कुशीवर वळवून लगेच डॉक्टरांना बोलावतात. बाळ बाहेर येण्याच्या टप्प्यात तर हेच ठोके दर पाच मिनिटांनी ऐकावे लागतात. लघवी तुंबू न देणे ही गोष्ट किरकोळ वाटते, पण भरलेल्या मूत्राशयामुळे डोके खाली सरकण्यात अडथळा येतो. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त असेल आणि सोबत तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर झटके येण्याचा धोका असतो, म्हणून ही लक्षणे सिस्टरांना तत्काळ सांगावीत.

या सर्व नोंदी पार्टोग्राफ नावाच्या एकाच तक्त्यावर होतात. फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी 1972 मध्ये तत्कालीन ऱ्होडेशियात (आताच्या झिम्बाब्वेत) त्यावर सावधगिरीची आणि कृतीची अशा दोन रेषा आणल्या, त्या दूरच्या केंद्रातल्या सुईणींना बाईला मोठ्या रुग्णालयात कधी पाठवायचे हे वेळीच कळावे म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या नव्या तक्त्यात सक्रिय टप्पा, म्हणजे तोंड वेगाने उघडण्याचा काळ, ते चारऐवजी पाच सेंटिमीटर उघडल्यापासून धरला आहे आणि तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा आग्रह सोडला आहे. माझ्या मते तो निर्णय योग्य आहे, कारण त्या आग्रहापायी अनेकींना विनाकारण घाई केली जात असे.

ठोके तासन्‌तास कोणी ऐकलेच नाहीत, किंवा प्रसूतीनंतर बसून सगळा तक्ता एकदम भरला, तर त्याला मी निःसंशय दुर्लक्ष म्हणेन. असा तक्ता कितीही नीटनेटका दिसला तरी त्याचा त्या आईला काडीचाही उपयोग झालेला नसतो.

बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत गर्भाशय आवळून रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून आईला ऑक्सिटोसिन या औषधाचे 10 युनिटचे इंजेक्शन देतात, आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी गर्भाशय घट्ट आहे का आणि अंगावरून किती जाते आहे, हे पाहतात. घरच्यांचे लक्ष तेव्हा बाळाकडे असते. आपण त्या दोन तासांत वहिनींजवळ कुणाला तरी बसवा. पॅड भराभर भिजू लागले, त्यांना चक्कर आली किंवा अंग गार पडले, तर पंधरा मिनिटे पूर्ण होण्याची वाट न पाहता सिस्टरांना हाक मारायला सांगा.