मुंबईहून मालवणला शिडाच्या छोट्या बोटीने जाताना वाटेत बोटीचं नुकसान झालं तर काय करावं?

तुमची बोट फायबरची, आत इंजिन असलेली, आणि बेत नोव्हेंबरचा आहे असं प्रश्नात लिहिलंय. त्यालाच धरून सांगतो.

या वाटेवर मला खडकांपेक्षा जाळ्यांची जास्त धास्ती वाटते. रायगडच्या किनाऱ्यावर डोलीचे, म्हणजे समुद्रात खुंट रोवून लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांचे, खुंट आणि दोर जागोजागी असतात, अंधारात दिसत नाहीत. श्रीवर्धनसमोर पहाटे आमच्या पंख्यात (बोट पुढे ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पात्यांत) असाच एक दोर गेला. इंजिन धाडकन बंद पडलं आणि थोड्याच वेळात पायाखालच्या फळ्यांवर पाणी आलं. दोराने शाफ्ट, म्हणजे इंजिनपासून पंख्यापर्यंतचा दांडा, खेचला होता, आणि तो बोटीबाहेर पडतो तिथल्या पाणी अडवणाऱ्या ग्लँडमधून पाण्याची धार उडत होती.

अशा वेळी पंप लगेच चालू करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. 5 सेंटिमीटर व्यासाचं भोक पाण्याच्या पातळीखाली 60 सेंटिमीटरवर असेल तर मिनिटाला साधारण 240 लिटर पाणी आत येतं. छोट्या बोटीवरचा विजेचा पंप फार तर 60-70 लिटर काढतो. त्यामुळे पंपापाशी एकच जण ठेवा, बाकीच्यांनी भोक शोधायचं. आधी पाणी जिभेला लावून बघा. गोडं निघालं तर तुमची पिण्याची टाकी फुटलीय. खारं असेल तर ग्लँड, सी-कॉक (बोटीच्या तळातल्या पाण्याच्या नळ्यांचे कॉक) आणि सुकाणूचा दांडा जिथून खाली जातो ती जागा, या क्रमाने तपासा. बाजूला भोक पडलं असेल तर बोट दुसऱ्या अंगावर कलती करा, भोक वर येतं. आतून उशी दाबून तिच्यावर फळीचा टेकू द्या.

आमच्याकडे सायकलची जुनी ट्यूब होती. तिच्या पट्ट्या कापल्या, ग्रीस चोपडलं आणि ताणून ताणून ग्लँडवर गुंडाळल्या. धार थांबून थेंब उरले. ट्यूब जरूर बरोबर घ्या. मात्र ती गुंडाळल्यावर इंजिन सुरू करायचं नाही.

तटरक्षक दलाला लवकर कळवा. फोनवरून 1554, पण किनाऱ्यापासून दूर रेंज मिळेलच असं नाही, म्हणून व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा रेडिओ, हवाच. त्यावर चॅनल 16. जागा, माणसं किती, पाणी किती वेगाने येतंय, एवढं सांगा. "आत्ता बुडत नाही, पण लक्ष असू द्या" असं सांगायला अजिबात संकोच करू नका. धोका टळला की तेही कळवा.

मग जायचं कुठे? सगळ्यात जवळचं बंदर योग्य असेलच असं नाही. आम्हाला दक्षिणेला बाणकोट होतं, पण सावित्रीच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत आणि आमचं इंजिन बंद. मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा, वारा अजून होता, म्हणून उत्तरेला वळून राजपुरीच्या खाडीत दिघीजवळ नांगर टाकला. तिथे पाणी खोल आहे आणि आडोसाही आहे. दुपारी वायव्येचा वारा सुटला असता तर हीच वाट नुसत्या शिडांवर फार जड गेली असती.

पंखा सोडवायला उघड्या समुद्रात खाली उतरू नका. लाटेवर आपटणारी बोट डोकं फोडेल. शांत पाण्यात, इंजिनची चावी काढून खिशात ठेवून, हातमोजे घालून उतरा. नायलॉनचा दोर घर्षणाने वितळून शाफ्टवर टणक कडं होऊन बसतो. त्याला सुरी लागत नाही, हॅक्सॉचं पातंच लागतं.

तळाची दुरुस्ती करायला बोट वाळूवर कोरडी पाडायची असेल तर पंचांग बघा. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण ओसरत असताना ऐन भरतीला बोट वर चढवलीत, तर पुढच्या भरत्या दिवसेंदिवस कमी होत जातात आणि बोट पुढच्या उधाणापर्यंत तिथेच अडकू शकते. भांगाच्या, म्हणजे सगळ्यात कमी चढणाऱ्या, भरतीनंतर पाणी दिवसेंदिवस वाढत असताना चढवा. फायबरचा तळ गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय रेझिन लावू नका, धरणार नाही.

विमा असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी फोटो काढा.

आणि जाळं कापावं लागलं तर जवळच्या कोळीवाड्यात जाऊन तांडेलाला (मासेमारी बोटीच्या प्रमुखाला) स्वतः भेटा, दोर परत द्या, नुकसानीचे पैसे विचारून द्या. त्या दोरावर एका घराचं पोट असतं. आम्ही गेलो तेव्हा त्या माणसांनीच दिघीला शाफ्टचं काम करणारा मेकॅनिक शोधून दिला.