पिशवीतनं आलेले अल्बम

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. "काका, लग्नाच्या ऑर्डरी किती वर्षं करायच्या आणि खरी फोटोग्राफी कधी सुरू व्हायची?" पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा जरा रागच आला. तुझ्या वयात रंकाळ्याच्या कठड्यावर बसून मीही हेच म्हणायचो, म्हणून.

२०१९ चा ऑगस्ट आठव, आपल्या कोल्हापूरचा पूर. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी गेलं ५५ च्या वर. पूर ओसरल्यावर शुक्रवार पेठेतली, शाहूपुरीतली माणसं पिशव्या घेऊन माझ्या दारात. आत चिखलानं फुगलेले लग्नाचे अल्बम. काही मी काढलेले, काही माझ्या आधीच्या पिढीनं. किती दिवस आम्ही दुसरं कामच केलं नाही. चिकटलेले फोटो वाळल्यावर ओढायचे नाहीत. चेहरा सुटून शेजारच्या फोटोच्या पाठीवर जातो. स्वच्छ गार पाण्यात भिजत ठेवायचे, आपणहून सुटू द्यायचे, चेहऱ्यावर बोट लावायचं नाही, मग चिमट्यानं दोरीला टांगायचे. डार्करूमच्या काळातले प्रिंट बरेच वाचले. घरगुती इंकजेटवर काढलेल्यांची शाई मात्र पाण्यातच राहिली. तू प्रिंट कशावर काढून देतेस, ते आजपासून बघ.

एका आजींनी अख्ख्या अल्बममधला एकच फोटो आधी सोडवायला सांगितला. पंगतीचा. अर्ध्या फ्रेममध्ये वाढप्याची बादली. तो मी पान भरायला म्हणून लावला होता. तोच का, ते मी विचारलं नाही. माझा बक्षीस मिळालेला एकही फोटो त्या दिवसांत कुणी पिशवीत घालून आणला नाही, एवढं मात्र ध्यानात राहिलं.

तेव्हा लग्नाची ऑर्डर नुसती उरकू नकोस. मंगलाष्टकं किती म्हणणार, ते भटजींना आधी विचारून ठेव. अंतरपाट खाली येतो त्या दोन सेकंदांत निम्मा हॉल मोबाईल घेऊन पुढं घुसतो. तू भटजींच्या अंगाला आधीच उभी पाहिजेस. अक्षता हवेत स्थिर हव्या असतील तर शटर ५०० च्या, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या, पुढं ने. फराटे चालणार असतील तर ६० ला ये, पण हात लाकडासारखा ठेव.

उजेडाचं शिकायचं तर कॅमेरा घरी ठेवून किरणोत्सवाला जा. नोव्हेंबरात ९, १०, ११ ला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातनं अंबाबाईपर्यंत जातात. ढग आला, हवेत धूळ असली, वाटेत बांधकाम आडवं आलं, की मध्येच अडतात. देऊळ बांधणाऱ्यांनी सूर्याचा कोन धरला होता. आपण हॉलवाल्याला खिडकी कुठल्या दिशेला आहे एवढंही विचारत नाही. आणि मग फ्लॅशच्या नावानं खडे फोडतो!

कुस्तीचे फोटो काढायची तुला हौस आहे म्हणतेस. मग खासबागेच्या कुस्ती मैदानात जायच्या आधी महिनाभर तालमीत पहाटे नुसती बसून ये. डाव पायात सुरू होतो, चेहऱ्यावर उशिरा येतो. चेहरा बघून बटण दाबशील तर नुसती पाठ मिळेल.

कॅमेरा कुठला घेऊ, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. याच गावात बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेराच जुळवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. तुझ्याजवळ आहे तो पुरे. पैसे असतील तर एक उजेडी ५० ची लेन्स घे आणि दोन हार्ड डिस्क. दोन्ही एकाच कपाटात ठेवू नकोस. माझ्या निगेटिव्हचं लोखंडी कपाट तळमजल्यावर होतं, त्याच पुरात बुडालं. लोकांचे अल्बम सोडवत बसलो आणि स्वतःचं उघडायला आठ दिवस लागले. धीर होत नव्हता.

हो, बयाणा घेतल्याशिवाय तारीख लिहायची नाही. नातेवाईक असला तरी. नातेवाईक असला तर आधी!

येत्या रविवारी मंगळवार पेठेत एक लग्न आहे, मला दुसरा कॅमेरा हवाय. पहाटे सहाला ये. पंगतीपर्यंत थांबायचं आहे, घरी तसं सांगून ये.

तुझा काका