फार्न्सवर्थ हाऊस नदीकाठावरून उचलून उंच जागी का नेत नाहीत?

तुम्ही विचारलंय की आर्किटेक्ट मीस व्हॅन डर रोहचं हे घर इतक्यांदा पुरात बुडालं, दरवेळी खर्च करून नीट केलं, मग सरळ दुसरीकडे का नाही हलवत. मी बडोद्याचा, विश्वामित्री नदीपासून चार गल्ल्या सोडून राहतो, 2024 च्या ऑगस्टमध्ये आमच्या हॉलमध्ये कमरेएवढं पाणी होतं, त्यामुळे ह्या घराबद्दल वाचताना मला खरंच आतून काहीतरी होतं.

इलिनॉयमध्ये प्लॅनो गावाजवळ फॉक्स नदीच्या काठी हे घर 1951 ला पूर्ण झालं, शिकागोच्या डॉक्टर ईडिथ फार्न्सवर्थ बाईंनी सुट्टीत राहायला बांधून घेतलेलं. स्टीलचे आठ खांब, चारी बाजूंनी काच, आणि पूर येणार हे धरूनच घराची फरशी जमिनीपासून सव्वापाच फूट वर. तरी 1954 मध्येच पाणी आत आलं. 1996 ला तर काच फोडून शिरलं आणि मधला लाकडी भाग, ज्यात बाथरूम-किचन सगळं आहे, तो पार खराब झाला, मग मीसच्या नातवाने म्हणजे डर्क लोहानने तो परत करून घेतला. 2008 ला पुन्हा दीडेक फूट पाणी.

ट्रॅव्हर्टीन दगडाची फरशी आणि स्टील धुऊन पुसून पुन्हा उभं राहतं, मार खातं ते लाकूडकाम. आमच्याकडेही साधारण तसंच झालं, आजोबांच्या वेळची कोटा फरशी आणि, लाकडाचं असूनही, सागवानी कपाट वाचलं, सहा वर्षांपूर्वी केलेलं मॉड्युलर किचन मात्र दोन दिवसात फुगून सुटं झालं.

उपाय शोधले नाहीत असं नाही हं. उंच जागी नेणं, खालची जमीनच भरून वर घेणं, किंवा खाली हायड्रॉलिक जॅक बसवून पूर आला की अख्खं घर उचलणं, तिन्हीचा अभ्यास झालाय. माझं स्पष्ट मत आहे की हलवू नये, कारण ते घर खांबांवर आहे तेच मुळी नदीमुळे, काचेतून दिसणारी झाडं आणि समोरचं पाणी काढून घेतलं तर ते खांब कशासाठी आहेत हेच कळणार नाही. आणि पाणी वाढलं त्याला वरच्या भागातली वस्तीही कारण आहे, जमीन बांधकामाखाली गेली की पाऊस मुरत नाही, थेट नदीत उतरतो. आमची कोतरं, म्हणजे नदीलगतच्या घळी, बुजवली तेव्हा इथे हेच झालं.

जॅक बसवले तर मला चालेल. आम्हीही घर सोडलं नाही, स्विचबोर्ड छातीएवढे वर घेतलेत आणि ओट्याखाली आता फक्त ग्रॅनाइट आणि स्टील.